चौथी चिठ्ठी

इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत उपसंपादकांना सगळे 'कुलूप' म्हणायचे, अर्थातच पाठीमागे. डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खाणाऱ्या या महाशयांना आता रिकामी झालेली मुख्य संपादकाची खुर्ची हवी होती. बावीस वर्षं ते तिच्यावर डोळा ठेवून होते. संचालक म्हणाले होते, "विद्वत्तेचं सोडा हो, माणसं सांभाळता येतील ना? आज शेवटची पानं पाठवा, मग ठरवू."

त्या पानांत एकच शब्द अडला होता: 'अनक्लबेबल'. इंग्रजीतही क्वचितच भेटणारं विशेषण. अर्थ यांनी चुटकीसरशी लिहिला: माणसांत न मिसळणारा, तुसडा. राहिलं उदाहरण. कचेरीचा नियम असा, की ते कोशकाराने स्वतः रचायचं नाही. बाकीच्यांनी बिननावी चिठ्ठ्यांवर लिहून द्यायचं आणि त्यातलंच एक घ्यायचं. हा नियम कुणी केला? यांनीच. तो मोडणाऱ्या एका सहायकाला त्यांनी चारचौघांत झापलंही होतं.

चार चिठ्ठ्या आल्या. तिघांनी भिंतीकडे तोंड करून जेवणाऱ्या माणसावर लिहिलं होतं. काय ही प्रतिभा! उपसंपादकांनी तिन्हींवर 'अर्थ अस्पष्ट' असा शेरा मारला. चौथी टाइप केलेली होती, आणि कचेरीत टायपिस्ट एकच.

'वडील गेल्याचं सांगायला फोन केला, तर अनक्लबेबल साहेबांनी विचारलं, मग पानं कधी मिळतील?'

शेरा मारायला उचललेलं पेन त्यांनी परत खाली ठेवलं. त्यांना लाज वाटली, कानाच्या पाळ्या तापेपर्यंत. कचेरीत साहेब कोण, हे संचालकांना वेगळं सांगावं लागणार नव्हतं. म्हणजे खुर्ची गेलीच. चिठ्ठी खिशात घालून एखादं गुळगुळीत वाक्य रचलं असतं, तर कोण विचारणार होतं?

त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं, सही केली आणि पानं शिपायाबरोबर पाठवून दिली. मग टायपिस्टबाईंच्या टेबलापाशी जाऊन अवघडून उभे राहिले.

"बाई, तुमचे वडील... काय झालं होतं त्यांना?"

"दोन वर्षं झाली, सर." बाईंची बोटं थांबली नाहीत. "उदाहरण चाललं का?"

"चाललं," ते म्हणाले. "अर्थ नीट कळतो."