चंपतरावांची पारख

महाल वस्तीतल्या त्या गल्लीत कुणाच्या बोटात खड्याची अंगठी जायची असली, तर ती आधी चंपतरावांच्या ओसरीवर यायची. चंपतराव खाणींच्या सरकारी कचेरीत नकाशे काढत. जमिनीच्या पोटातलं कागदावर उतरवता उतरवता त्यांना खड्यांचा नाद लागला. नाद म्हणजे कसा, तर पहिली पगारवाढ झाली तेव्हा बायकोनं, शोभाताईंनी लुगडं मागितलं आणि घरात पुष्कराज आला.

पारखीचे ते पैसे घेत नसत. उलट चहा पाजत. ‘‘विकणारा खड्याची तारीफ करते, घेणारा त्याले नावं ठेवते. खरं कोण सांगन? ज्याले घ्यायचं नाही अन् विकायचंबी नाही, तो!’’ असं म्हणून ते भिंग डोळ्याला लावत. नियम त्यांचे दोनच. पहिला, रत्न नितळ पाहिजे. आत रेघ, ढग, ठिपका दिसला की खडा डागी, आणि डागी खडा घराचं वाटोळं करतो. दुसरा नियम त्यांच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेला: सराफ सांगेल त्याच्या उलट समजायचं.

हा दुसरा नियम इतवारी बाजारातल्या भैय्याजी सराफांच्या गादीसमोर बसून बसून तयार झाला होता. भैय्याजी पाण्यासारखा नितळ माणिक पुढे करत आणि म्हणत, ‘‘हा भट्टीत बनवलेला आहे जी, म्हणून सस्ता.’’ मग धूसर रेघांचा दुसरा काढत. ‘‘हा खाणीतला. याचे दाम वीसपट.’’ चंपतराव मिशीत हसत. लेकाचा डागी माल गळ्यात मारतो आणि चांगला माल बड्या गिऱ्हाइकासाठी लपवतो! लपवायचा माल कुणी समोर मांडेल का, तोही सस्त्यात, हा प्रश्न त्यांना पडला नाही. स्वतःला शहाणा समजणाऱ्याला सोपे प्रश्न पडतच नाहीत. बावीस वर्षांत असे एकेचाळीस नितळ खडे त्यांनी भैय्याजींच्या नाकावर टिच्चून घरी आणले आणि कापसात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवले.

बाहत्तर सालच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या सिंधूताई त्यांना घेऊन इतवारीत गेल्या. सिंधूताई दवाखान्यात नर्स होत्या. मुलाच्या मागे साडेसाती होती, त्याला नीलम हवा होता. भैय्याजींनी एक नीलम काढला. रंग असा गहिरा की चंपतरावांनीही तो दोनदा उजेडात धरून पाहिला. पण भिंगाखाली आत बारीक सुयांचा पुंजका दिसला.

‘‘डागी!’’ त्यांनी निकाल दिला.

भैय्याजी बावीस वर्षांत पहिल्यांदा दुखावले. ‘‘चंपतरावजी, कोणालेबी दाखवा. आठ दिवस घेऊन जा.’’

नीलम असा न्यायचा रिवाजच आहे. तो शनीचा खडा, आठ दिवस घरात ठेवून पाहायचा, मानवला तर ठेवायचा, नाही तर परत. चंपतरावांनी तो पुडीत बांधला आणि दुकानातल्या चार माणसांदेखत म्हणाले, ‘‘लेखी आणतो! या गावात चंपतरावाची नजर खरी का सराफाची जीभ, होऊनच जाऊ द्या!’’

कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायला रुपराव नावाचा तरुण प्राध्यापक नवाच आला होता. त्याला काही घ्यायचं नव्हतं, विकायचं नव्हतं. त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली नीलम फिरवून फिरवून पाहिला.

‘‘काका, एकदम अस्सल आहे. या सुया दिसतात ना, त्या खडा जमिनीत तयार होताना आत राहतात. भट्टीतल्या खड्यात अशा नसतात.’’

‘‘अन् खडा नितळ असला तर?’’

‘‘नितळ, मोठा आणि वरून सस्ता असला, तर भट्टीचाच समजा.’’

चंपतरावांनी त्याच्याकडून नीलमचं लेखी घेतलं. दुसऱ्या दिवशी ते बिस्किटांचा डबा घेऊन पुन्हा हजर झाले. रुपराव आधी हौसेनं सांगत होता: या बघा ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या गोल रेघा, हे बघा सोड्यासारखे बुडबुडे. दहाव्या खड्यानंतर त्याचा आवाज उतरला. विसाव्यानंतर तो फक्त मान हलवू लागला. एकेचाळिसावा झाला तेव्हा त्यानं चहा मागवला.

घरी येऊन चंपतराव भिंतीकडे तोंड करून पडले. शोभाताईंनी हलवून हलवून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं.

‘‘पण तुम्हाले फसवलं कोनं?’’

हीच तर दुखरी जागा होती. कुणीच नाही. कुणी फसवलं असतं तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. बावीस वर्षं तो माणूस तोंडावर खरं सांगत होता आणि हे मिशीत हसत होते. चंपतरावांना रडू आलं, साठीच्या माणसाला येऊ नये तसं.

‘‘हा नीलमच मानवला नाही,’’ शोभाताई ठामपणे म्हणाल्या. ‘‘घरात पाय ठेवला अन् एकेचाळीस रत्नांची काच करून टाकली. नेऊन द्या त्याले!’’

नेऊन देणं सोपं होतं. डागी निघाला म्हणायचं, रुपरावचा कागद चुलीत घालायचा, की चंपतराव पुन्हा गल्लीचे पारखी. कागद कुणी पाहिलेला नव्हता. तीन दिवस ते हाच विचार करत होते, आणि तिन्ही दिवस त्यांना सिंधूताईंचा पोरगा दिसत होता. बाई ड्यूटीवर ड्यूटी करून त्याच्यासाठी पैसे साठवत होती, आणि ते आता आपल्या शब्दावर काचेत जाणार होते. आठव्या दिवशी कागद खिशात घालून ते इतवारीत गेले. सिंधूताई आधीच येऊन बसल्या होत्या.

चंपतरावांनी पुडी गादीवर ठेवली आणि घसा खाकरला. ‘‘भैय्याजी, तुम्ही खरे. माझी नजर खोटी. सिंधूताई, नीलम अस्सल आहे, लेकासाठी हाच घ्या. मी बावीस वर्षं गल्लीले उलटंच सांगून राहिलो.’’ आणि त्यांनी कागद पुढे केला.

भैय्याजींचे डोळे भरून आले. सिंधूताईंनी मात्र कागदावरचा इंग्रजी मजकूर पाहिला, कॉलेजचा शिक्का पाहिला, मग दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

‘‘किती दिले यानं तुम्हाले, चंपतरावभाऊ?’’

‘‘अवो सिंधूताई, देवाची शपथ...’’

‘‘आठ दिवसांपहिले डागी होता, अन् आज अस्सल झाला?’’ त्यांचा आवाज भरून आला होता, रागानं की दुःखानं कोण जाणे. ‘‘गल्लीत एकच माणूस होता भरवशाचा.’’ मग त्यांनी तबकातल्या नितळ, निळ्याशार खड्यावर बोट ठेवलं. ‘‘तो द्या.’’

भैय्याजींनी हात जोडले. ‘‘बाई, पाया पडतो तुमच्या, तो भट्टीचा आहे.’’

‘‘हो, माहीत आहे तुमचं भट्टीचं,’’ सिंधूताई म्हणाल्या आणि रुमालाची गाठ सोडू लागल्या.

चंपतरावांनी कागद पुन्हा पुढे सरकवला, तो सिंधूताईंनी बाजूला सारला. पुडी पदराला बांधून सिंधूताई पायऱ्या उतरल्या आणि खालून वळून म्हणाल्या, ‘‘तुम्ही फुटले तर फुटले, भाऊ. पण तुमच्यापासूनच शिकली मी, म्हणून आज वाचली.’’