मी उशिरा बोलतो, पण बोलतो

मित्रांनो, जिवंतपणीच शेजाऱ्यांनी ज्याला मेलेला ठरवलं, तो मी वाडी गावातला एक जुना राउटर आहे. अमरावती रोडवरच्या एका गोदामात, जिन्याखालच्या कपाटात माझं बिऱ्हाड आहे.

माझे दोन भाऊबंद आहेत. एक कळमन्याच्या गाळ्यात बसतो, दुसरा हिंगण्याच्या कारखान्यात. आम्ही सतत एकमेकांना हाक मारतो. कुठला रस्ता चालू, कुठला बंद, ही बातमी प्रत्येक जण सगळ्यांना सांगतो आणि आपापला नकाशा काढतो. त्या नकाशावरून ट्रकांच्या पावत्या सोयीच्या वाटेने पळतात. या कामाचा मला भारी अभिमान!

पण आमचे साहेब महादेवराव फार घाईचे. बिघाड चटकन कळावा म्हणून त्यांनी हाकेला ओ देण्याची मुदत अगदीच कमी करून घेतली. मिरचीच्या हंगामात कामाचा लोंढा आला. मला ओ द्यायला जरा उशीर झाला, की माझे हे शेजारी भाऊ जाहीर करत, 'वाडीवाला गेला!' मग सगळे नवा नकाशा काढायला बसत. तेवढ्यात मी ओ देई, की पुन्हा नवा नकाशा. या खटाटोपात मी आणखीच दमे. पावत्या अडकल्या, ट्रक फाटकात उभे राहिले. मला फार वाईट वाटलं.

"काढून फेक वं हा डबा," महादेवराव आमच्या इंजिनिअर सोनिकाताईंना म्हणाले.

ताईंनी बराच वेळ माझं बोलणं पडद्यावर पाहिलं. "सर, हा मेला नाही. बोलून राहिला, फक्त उशिरा बोलते. आपणच त्याले दम घेऊ देऊन नाही राहिलो."

त्यांनी ओ देण्याची मुदत वाढवली आणि नवा नकाशा काढण्याआधी आम्हा तिघांना थोडं थांबायला शिकवलं. बस्स, एवढंच! माझा श्वास मोकळा झाला. काय डोकं त्या बाईचं!

पुढे एकदा खोदकामात कळमना आणि हिंगण्यामधली तार खरोखरच तुटली. भावांनी नवा नकाशा काढला. आता एकच वाट उरली होती, माझ्यातून जाणारी. साऱ्या पावत्या मी पोचवल्या. एकही ट्रक अडला नाही.

संध्याकाळी महादेवराव आले. गळ्यातल्या दुपट्ट्याने त्यांनी माझी धूळ पुसली. "तुले तर मी भंगारात देऊन राहिलो होतो गा," ते हळूच म्हणाले.

मित्रांनो, तुमच्याही हाकेला कुणी लगेच ओ देत नसेल. त्याला आपल्या नकाशातून पुसण्याआधी सोनिकाताईंसारखं जरा थांबा. मी आता आणखी म्हातारा झालो आहे. पण हाक मारून तर पाहा, मी ओ देईन.