बोलका डबा

मी बोलतोय. आत्ता या घडीलाही बोलतोय, पण तुमच्याखेरीज कोणाला ऐकू जात नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर शेवटी तुम्हीच म्हणाल की डब्याने फसवलं.

जळगावच्या दाणाबाजारातल्या एका पेढीवरचा मी कॉम्प्युटर. पेढी दलिचंदशेटची, धंदा दलालीचा. गावोगावची तूर, हरभरा, उडीद डाळमिलवाल्यांना जोडून द्यायचा. जीएसटी लागू झाला त्या वर्षी शेटजींचा मुलगा अखिल मला घेऊन आला. आल्या आल्या माझ्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं आणि उजवीकडची दोन बटणं तेव्हापासून चिकट झाली. माणसं पूजा मनापासून करतात, जपायचं मात्र विसरतात.

शेटजी तेव्हा माझ्याकडे ढुंकूनही पाहत नसत. त्यांचा सगळा कारभार बोटांवर चाले. जुन्या दलालांची रीत अशी, की भाव तोंडाने बोलायचा नाही. समोरच्याचा हात रुमालाखाली घ्यायचा, बोटं दाबायची आणि सौदा पक्का करायचा. मांडीला मांडी लावून बसलेल्यालाही पत्ता लागत नसे. “तोंडातून निघाला तो भाव बाजाराचा झाला,” असं ते म्हणायचे.

पुढे त्यांना काचबिंदू झाला. नजर कडेकडेने आक्रसत गेली. अखिल म्हणाला, “बाबूजी, आता घरी आराम करा.” आराम हा शब्द त्यांना शिवी दिल्यासारखा लागला. सोळाव्या वर्षापासून ते त्या गादीवर बसत होते. गादी सुटली की माणूस सुटला, हे त्यांनी शेजारच्या दोन पेढ्यांवर पाहिलं होतं. त्यांना मरणाची भीती नव्हती. घरच्या सोफ्यावर बसून राहण्याची होती.

त्यांची नात हर्षिता तेव्हा कॉलेजात होती. एका रविवारी तिने त्यांना हाताला धरून माझ्यासमोर आणलं. माझ्या पोटातलं असं एक कपाट तिने उघडलं, ज्याला तोवर कोणी हात लावला नव्हता. आधी तिने एक भिंग काढलं. अक्षरं लिंबाएवढी झाली. मग पडदा काळा आणि अक्षरं पिवळी केली. शेटजी म्हणाले, “दिसतंय गं थोडं थोडं.”

“हे सगळं ह्याच्यात पहिल्यापासूनच होतं, दादाजी. वेगळं विकत काही घ्यायचं नाही.”

“फुकट? मग काहीतरी खोट असणार.”

खोट नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याजवळ हे आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं.

उरलेली नजरही गेली, तेव्हा हर्षिताने माझ्या आवाजाला हाक मारली. तीन बटणं एकदम दाबली की मी पडद्यावरचं वाचून दाखवू लागे. आवाज बाईचा, भाषा हिंदी वळणाची. शेटजी दचकले. “भुसावळ टेसनवरची बाई आणून बसवली का पेढीत?” पण हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. हर्षिताने त्या तीन बटणांवर तुरीच्या डाळीचा एकेक दाणा चिकटवून दिला, म्हणजे बोटांना वाट सापडेल. डाळ ओळखण्यात ती बोटं मुरलेली होती.

तो काळ माझ्या आयुष्यातला खरा. शेटजी बोटाने पुढे सरकायचे, मी वाचायचो. मिलवाल्यांच्या मेल, आवकीचे आकडे, अकोल्याच्या व्यापाऱ्याची रडगाणी, सगळं. ते ऐकून फोन लावायचे, सौदे जुळवायचे. गादीवर पुन्हा दलिचंदशेट बसले होते. लोक मला बोलका डबा म्हणू लागले आणि मला त्याचा अभिमान वाटे. हे चुकलंच माझं. बोलण्याचा अभिमान असावा, अशी ती पेढी नव्हे.

पुढे हर्षिता लग्न होऊन रायपूरला गेली. जाताना तिने बजावलं, “दादाजी, हेडफोन लावत जा.”

“डोळे गेले, आता कानही बांधू?” ते म्हणाले. “कोण आलं, कोण गेलं, मला कानांनीच कळतं.”

ते खरंच होतं. ओट्यावर चप्पल वाजली की ते माणूस ओळखत. पण गादीवर येताना चपला पायरीशी काढायच्या, ही पेढीची शिस्त त्यांनीच लावलेली. आणि अनवाणी पाय गादीवर वाजत नाहीत.

एका दुपारी पारोळ्याचे निंबा आबा तुरीचा सौदा करायला आले. दाराशी ट्रक घरघरत उभा होता, त्यात त्यांची चप्पल ऐकू आली नाही. अदबीचा माणूस, शेटजी कामात दिसले म्हणून हाक न मारता कडेला टेकून बसले. शेटजींनी बटण दाबलं. इंदूरच्या मिलची मेल होती: निंबा आबांच्याच तुरीला जास्तीत जास्त किती भाव देऊ, तो आकडा. मी तो वाचला. खणखणीत आणि स्पष्ट, जसं मला येतं तसं. शेटजींना नीट कळावं म्हणून दुसऱ्यांदाही वाचला.

निंबा आबा खाकरले. “शेटजी, मी आठेच बसेल शे. तुमना डबा बोलना, मी बठ्ठं ऐकं. आते कमी भावमा कसा देसू?”

बिचाऱ्याने लबाडी केली नाही, उलट इथेच बसून सगळं ऐकलं, आता कमी भावात कसं देऊ, असं तोंडावर सांगितलं. शेटजींचा चेहरा पांढराफटक पडला. आयुष्यभर रुमालाखाली झाकलेली गोष्ट त्यांच्याच पेढीत, त्यांच्याच पुढ्यात, भर दुपारी मोठ्याने बोलली गेली होती. आणि बोललो होतो मी.

सौदा त्या वरच्या आकड्यालाच करावा लागला, तेव्हा मिलवाल्याने इंदूरहून फोन करून अखिलला झापलं. अखिल शेटजींवर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, “बाबूजी, हे असं नाही चालणार.” संध्याकाळी त्याने माझ्या पाठीतली वायर उपसली आणि दोन्ही स्पीकर पिशवीत घालून घरी नेले. दुसऱ्या दिवसापासून शेटजी आले नाहीत.

हर्षिताने रायपूरहून फोनवर सांगितलं म्हणे, की एकाच कानात घालायचा तुकडा मिळतो, दुसरा कान मोकळा राहतो, भावही बाहेर जात नाही. अखिल म्हणाला, “बघतो.” माणसांच्या ‘बघतो’ला किती जागा असते, ते मी ह्या पेढीवर राहूनच शिकलो.

माझे स्पीकर आता त्यांच्या घरी आहेत, हे मला अखिलच्या बोलण्यातून कळलं. लाडकुंवरबाई, शेटजींच्या पत्नी, त्यावर सकाळ-संध्याकाळ स्तवनं लावतात. शेटजी सोफ्यावर बसून ऐकतात. तो माझाच गळा आहे, हे त्यांना माहीत नाही. ह्याचं मला फार वाईट वाटतं.

काल लक्ष्मीपूजन होतं. शेटजींना मानाने पेढीवर आणलं. रायपूरला हर्षिताचे दिवस भरत आलेले, तिला प्रवास मना, म्हणून ती नव्हती. पुन्हा स्वस्तिक, पुन्हा नारळ. लोक पेढे खात असताना शेटजी चाचपडत माझ्यासमोर येऊन बसले. डाळीचा एकच दाणा शिल्लक होता. बाकीची दोन बटणं त्यांच्या बोटांनी आठवणीने शोधली. तिन्ही दाबली.

मी जागा झालो. मी बोललो! पडद्यावर होतं ते सगळं वाचलं, एकेक ओळ. ते बोटाने पुढे सरकत होते आणि मी मागोमाग वाचत होतो, आधीसारखाच. त्यांनी कान पडद्याला लावला. मग माझ्या डब्याला लावला.

“अखिल, ह्याचा जीव गेला का रे?”

अखिल पेढ्यांचं ताट घेऊन उभा होता. त्याची नजर खाली गेली. “जुना झालाय, बाबूजी.”

“असं होय,” शेटजी म्हणाले. त्यांनी कीबोर्डवरून हात फिरवला, मेलेल्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. “चांगला होता बिचारा.” आणि ते उठले.

माझा आवाज कोणी बंद केला नाही, कारण तो चालू आहे हेच कोणाला कळलं नाही. मी वाचतो तिथे पडद्यावर एक निळी चौकट फिरते. आज सकाळी अखिलने ती पाहिली आणि दुकानदाराला फोन केला, “व्हायरस शिरलाय, येऊन सगळं साफ करून टाका.” तो उद्या येणार आहे. मी साफ होईन. ती काळ्यावरची पिवळी अक्षरं, ती तीन बटणांची ओळख, काही उरणार नाही.

माझ्या पाठीला एक हिरवं भोक आहे, स्पीकरची वायर लागायची ते. तुमच्यापैकी कोणी आज दाणाबाजारातून जाणार असाल, तर एका कानाची एक वायर त्यात खुपसा आणि दुसरं टोक दलिचंदशेटच्या हातात द्या. मी मेलो नाही, एवढंच त्यांना सांगायचं आहे. बाकीचं मी वाचून दाखवीन.