रोज चार वाजता मरणारा डॉक्टर

हॉलंडातल्या लेडन शहराच्या कापडबाजारात त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. कालवे गोठलेले, म्हणून बायका पाय शेकायच्या, आत निखारे ठेवलेल्या लाकडी शेगड्या बरोबर घेऊनच आल्या होत्या. मधल्या टेबलावर डॉक्टर बल्थासार अनवाणी पायांनी मरून पडले होते. ते रोज चार वाजता मरत आणि साडेचारला उठत.

"मेंदूच्या मधोमध वाटाण्याएवढी गाठ असते!" त्यांचा मदतनीस योरिस ओरडत होता. "आत्मा तिथं बसतो, बग्गीवर गाडीवान बसतो तसा. आत्ता गाडीवान उतरलाय. राहिलंय ते नुसतं यंत्र. या, नाडी बघा!"

गर्दीतल्या एका न्हाव्यानं उजवं मनगट धरलं आणि तो पांढराफटक पडला. "नाडी नाही!"

आल्त्ये बाई पुढेच उभ्या होत्या. तीस वर्षं पोरांना अक्षरं शिकवताना त्यांनी पोटदुखीची सोंगं काही कमी पाहिली नव्हती. एरवी त्या असल्या तमाशाला फिरकल्याही नसत्या. पण त्यांची विद्यार्थिनी सुसाना आठ दिवस तापात बरळत होती, आणि बल्थासारनं तिच्या आईला सांगितलं होतं, "आत्मा वाट चुकलाय. तीन दिवस अन्नपाणी बंद. यंत्र रिकामं झालं की मी त्याला घेऊन येतो." आज दुसरा दिवस. शेजारणीला पोरीपाशी बसवून आई, हेस्टर, इथं हात जोडून उभी होती.

"हेस्टर, निदान पाणी तरी पाज गं."

"नाही बाई. नाडी थांबवणारा माणूस खोटं कशाला बोलेल?"

बाईंनी आपली शेगडी उचलली आणि डॉक्टरांच्या तळव्याला टेकवली. पाय टुणकन उडाला.

हशा पिकला, पण योरिस डगमगला नाही. "हसा! कळ दाबली की घड्याळ वाजतं, तसंच हे. विस्तवापासून पाय काढायला आत्मा कशाला हवा?"

"पटलं," बाई म्हणाल्या, आणि शेगडी दुसऱ्या तळव्याला लावली. जरा जास्त वेळ.

"अगं थेरडे, भाजलं की!" मयत किंचाळलं.

"पाय यंत्रानं ओढला, कबूल," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण थेरडी कोण म्हणालं? वय बघून शिव्या द्यायला यंत्र कधी शिकलं?"

धडपडत उठताना डॉक्टरांच्या सैल बाहीतून लिंबाएवढा लाकडी गोळा टपकन पडला. बाईंनी तो न्हाव्याच्या काखेत ठेवला. "आता दंड घट्ट दाब." मग त्याचं मनगट चाचपलं. "तूही मेलास रे! काखेतली रक्ताची वाट दाबली की मनगटाला नाडी लागत नाही, एवढंच."

हेस्टर हसायला थांबली नाही. बाई मागोमाग तिच्या घरी पोचल्या, तेव्हा सुसाना आईच्या हातून घोट घोट पाणी पीत होती. चुलीवर ताकातली जवाची पेज रटरटत होती.

"बाई, काल रात्रभर पाणी मागत होती ती," हेस्टर हुंदके देत म्हणाली. "मला वाटलं, यंत्र बोलतंय."

बाई तिच्याजवळ बसल्या. "मन शरीराला नेमकं कुठं जोडलंय यावर मोठे विद्वान अजून भांडताहेत. मलाही ठाऊक नाही, आणि त्यात लाज कसली? ज्याला सगळं ठाऊक असतं, त्यालाच आधी प्रश्न विचारावेत. पण लेकरू पाणी मागतं, तेव्हा ते लेकरूच मागत असतं, हेस्टर. तेव्हा पाणी द्यायचं."