नवऱ्याकडे कोण बघतंय

‘फार्महाऊस नंबर नऊ’ नावाचा सिनेमा तुम्ही पाहिला नसेल, आणि पाहिला असेल तर कबूल करणार नाही. पोस्टरवर लाल सॅटिनचा गाऊन घातलेली बाई, तिच्या हातात सुरा आणि मागे पलंगावर आडवा झालेला एक धूसर पुरुष. तो धूसर पुरुष म्हणजे माझा नवरा.

नवनाथ काही नट नव्हता. मखमलाबादला आमची थोडी फुलशेती, झेंडू जास्त आणि गुलाब कमी, आणि फूलबाजारात एक गाळा. गंगापूर धरणाच्या बाजूला एका फार्महाऊसवर शूटिंग होतं. तिथे पलंगावर पसरायला गुलाबाच्या पाकळ्या हव्यात म्हणून बंटीचा फोन आला. बंटी म्हणजे त्या सिनेमाचा दिग्दर्शक, कॅमेरामन आणि वेळ पडली तर जेवणाचे डबे आणणारा. त्याआधी तो लग्नांचे व्हिडिओ काढायचा. गुलाबाचा भाव ऐकून त्याने झेंडूवर भागवलं. त्यामुळे तो पलंग प्रणयाचा कमी आणि सत्यनारायणाचा जास्त वाटतो.

नवऱ्याचं काम करणारा नट मुंबईहून आलाच नाही. बंटीने क्रेट उतरवणाऱ्या नवनाथकडे बघितलं आणि म्हणाला, “भाऊ, तुम्हीच व्हा नवरा. नाहीतरी मरायचंच आहे.”

हे मला सांगताना नवनाथची हसून हसून पुरेवाट झाली होती. मीही हसले होते.

खरं सांगायचं तर असले सिनेमे आम्हा दोघांना आवडायचे. दुपारी सासूबाई भजनाला गेल्या की आम्ही कडी लावायचो आणि मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून बघायचो. सगळ्यांची गोष्ट एकच. श्रीमंत आणि बिनडोक नवरा, उदास बायको, आणि गाडी बिघडली म्हणून दारात आलेला एक परका माणूस. लाईट जाते. मेणबत्त्या मात्र आधीच लावलेल्या असतात. संवाद असे, की शाळेच्या गॅदरिंगमधली पोरं बरी. खून का झाला ते शेवटी एक इन्स्पेक्टर उभ्या उभ्या सांगून टाकतो, कारण ते दाखवायला पैसे उरलेले नसतात.

तरी बघायचो. उघडं अंग दिसतं म्हणून बघायचो, हे तर आहेच, उगाच सोवळं कशाला. पण आणखी एक होतं. त्या सिनेमांत माणसाला माणूस इतकं हवं असायचं की त्यापायी ते खून करायला निघायचं. आमच्या घरात कोणाला काही इतकं हवं आहे, असं बोलायचीसुद्धा सोय नव्हती. सिनेमा संपला की नवनाथ माझ्याकडे बघून म्हणायचा, “अंजे, माझा खून करायचा इचार नाय ना तुझा?” आणि मी म्हणायचे, “आधी झेंडू तोडून द्या, मग बघू.”

मरायची तालीम त्याने घरी केली. पलंगावर डोळे मिटून पडायचा आणि मी शेजारी बसून त्याच्या पोटाकडे बघायचे. पोट हळूच वर यायचं. “हललं,” मी म्हणायचे. “नाय हललं.” “हललं. अन् मेलेला माणूस बोलत नाही.” मग तो एक डोळा उघडायचा.

शूटिंगला मी गेले होते. खिडकीबाहेर पाऊस हवा होता, तर शेजारच्या द्राक्षबागेतला ट्रॅक्टर आणून औषध फवारायच्या ब्लोअरने पाणी मारलं. ब्लोअर मारतो आडवा, त्यामुळे त्या सिनेमातला पाऊस भिंतीकडून भिंतीकडे पडतो. नवनाथचा खून झाला. मग तो पलंगावर मेलेला असताना नायिकेचं आणि त्या परक्याचं सुरू झालं. नवनाथचं पोट वर-खाली, वर-खाली. मी बंटीला म्हटलं, “अहो, ह्यांचा श्वास दिसतोय.” बंटी उजेडाकडे बघत होता, सूर्य खाली चालला होता आणि फार्महाऊस सहापर्यंतच भाड्याने होतं. “वहिनी,” तो म्हणाला, “ती बाई समोर असताना नवऱ्याकडे कोण बघतंय?”

बघितलं ना लोकांनी. सिनेमा मोबाईलच्या एका ॲपवर आला आणि खाली शेरेच शेरे. ‘मुडदा जिंदा है.’ ‘भाई साँस तो रोक ले.’ कोणीतरी लिहिलं होतं की अख्ख्या पिक्चरमध्ये एवढा एकच माणूस जिवंत वाटतो, तोही मेलेला. नवनाथ हे गाळ्यावर गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचा. फक्त सासूबाईंना सांगितलं होतं की बियाण्याची जाहिरात होती.

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी नवनाथ गाळ्यावर छातीला हात लावून बसला तो बसलाच. एक्केचाळीस वर्षांचा होता. दवाखान्यात पांढऱ्या चादरीखाली त्याला मला दाखवलं. मी रडले नाही, लोकांना त्याचं नवल वाटलं. मी त्याच्या पोटाकडे बघत होते. मला वाटत होतं आता हलेल. मी ‘हललं’ म्हणेन आणि तो ‘नाय हललं’ म्हणेल. नर्सने माझा हात धरून मला बाहेर नेलं.

त्यानंतर मी तो सिनेमा रोज लावायला लागले. नवनाथचे फोटो भरपूर आहेत, व्हिडिओही आहेत, पण त्यात तो कॅमेऱ्याकडे बघून दात काढतो. फक्त या सिनेमात तो माझ्याशेजारी झोपायचा तसा झोपलेला आहे. एक हात छातीवर, तोंड किंचित उघडं. समोर ती बाई आणि तो परका काय करायचं ते करतात, मी पलीकडे बघते. पोट वर येतं, खाली जातं. मग मलाही झोप लागते. तो सीन रेकॉर्ड करून ठेवावा असं कधी मनात आलं नाही. ॲपवर होताच की तो. नवरा घरात असताना कोणी त्याचे फोटो काढत बसतं का?

आणि परवा बंटीचा मेसेज आला. ‘वहिनी, ॲपवाले पिक्चर नव्याने लावतायत. भाऊंचा श्वासाचा प्रॉब्लेम सॉल्व्ह करतोय. आता त्यांच्यावर कोणी हसणार नाही.’

मी फोन लावला, उचलला नाही. ॲप उघडलं, तर सिनेमा तिथे नव्हताच. नेसत्या साडीनिशी गाळा उघडा टाकून रिक्षाने इंदिरानगरला गेले. बंटीचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. मला बघून तो उठून उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

“बसा वहिनी. मीच येणार होतो पेन ड्राइव्ह घेऊन.”

“बंटीभाऊ, ते करू नका,” मी म्हटलं. “श्वास राहू द्या.”

त्याला कळलं नाही. “झालं ना पण. काल रात्रीच दिलं पाठवून. दहा दिवस बसलो होतो वहिनी, एक पैसा नाही घेतला कोणाकडून. भाऊ माझ्यासाठी फुकटात झोपले होते. आणि लोक काय काय लिहीत होते खाली! माणूस गेल्यावरसुद्धा हसत होते. माझ्याच्याने वाचवेना.”

“जुना असेल ना तुमच्याकडे? आधीचा?”

“कुठं वहिनी. कॅमेऱ्याचं कार्ड तेव्हाच पुसलं पुढच्या शूटला, ॲपवाल्यांनीही जुनं काढून टाकलं. आणि फाईल एकच होती, तिच्यावरच काम केलं. आपल्याकडे दोन दोन कॉप्या ठेवायला डिस्क कुठंय?”

मग त्याने मला ते लावून दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की नको म्हणता आलं नाही. पलंग, झेंडू, नवनाथ. त्याने एका क्षणाचं चित्र थांबवून तेवढ्या भागावर चिकटवलं होतं. काम सफाईदार होतं. ती बाई इकडून तिकडे फिरत होती, आडवा पाऊस पडत होता, आणि नवनाथ हलत नव्हता. दवाखान्यात होता तसाच. मी आयुष्यात दुसऱ्यांदा त्याच्या पोटाकडे बघत वाट पाहिली.

मला रडू फुटलं. दवाखान्यात आलं नव्हतं ते सगळं तिथे आलं, पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. बंटी घाबरला, पाणी आणून दिलं. मग हळूच म्हणाला, “मला माहीत होतं वहिनी. आता भाऊ खरोखर गेल्यासारखे वाटतात ना?”

शिव्या द्याव्यात तर त्याचेही डोळे भरलेले. मी मान डोलावली.

सिनेमा पुढे चालू होता. ती बाई पलंगावरून उठून आरशासमोर केस सोडत उभी राहिली. बंटीचे सगळे सिनेमे असेच, आरसा असल्याशिवाय त्याचं पान हलत नाही. तिची उघडी पाठ पडदाभर होती. आणि तिच्या खांद्यापलीकडे, आरशाच्या कोपऱ्यात, पलंगाचं टोक दिसत होतं. झेंडू. छातीवरचा हात. हात हळूच वर आला, खाली गेला. पुन्हा वर आला.

बंटीने पलंगावरचा नवनाथ थांबवला होता. आरशातला तो विसरला होता.

मी चटकन त्याच्याकडे बघितलं. पाठमोरा होऊन तो माझ्यासाठी पेन ड्राइव्ह शोधत होता. “वहिनी, काही चुकलंय का अजून? सांगा, आजच्या आज सुधारतो.”

पडद्यावर ती बाई वळली आणि आरसा तिच्यामागे गेला. चार-पाच श्वास असतील, जास्त नाहीत.

“नाही,” मी म्हटलं. “काही चुकलेलं नाही.”

रिक्षात पेन ड्राइव्ह मुठीत धरून बसले होते. लोक पुन्हा बघतील, पुन्हा लिहितील, आणि कोणाचंतरी लक्ष आरशाकडे जाईल, ही भीती आता मला रोज असणार. बाई गं, लाल गाऊनवाली, तुझ्या पाया पडते. तू तिथेच उभी राहा. सगळ्यांना तुझ्याकडेच बघू दे.