नदीपलीकडचं लिपोवो

उत्तराताई केतकर चुकत नाहीत, हे ट्रॉय शहरातल्या मराठी मंडळींना माहीत होतं; ज्यांना माहीत नव्हतं त्यांना ते उत्तराताई स्वतः सांगत. एकतीस वर्षं त्यांनी मिशिगनमधल्या एका काउंटीच्या ड्रेनेज विभागात नकाशे काढले होते. कुठल्या शेताचं पाणी कुठल्या ओढ्याला मिळतं हे त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी गाडीत बसल्या की जीपीएसवाल्या बाईशी त्यांचं भांडण ठरलेलं, आणि दहातल्या आठ वेळा जिंकायच्या त्याच.

अशा बाईच्या शेजारी स्टॅन झारेंबा राहत होता, म्हणून त्याचं काम झालं. स्टॅन चौऱ्याऐंशी वर्षांचा, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बायको गेलेली. त्याचे वडील व्वादेक अकरा वर्षांचे असताना काकाबरोबर पोलंडहून डेट्रॉइटला आले ते परत गेलेच नाहीत. नरेव नदीच्या काठी कुठेतरी, एवढंच पोराला ठाऊक; गावाचं नाव मात्र ठाऊक नव्हतं. घरात कायम "आमचं गाव" एवढंच म्हणायचे. आपण नाही का म्हणत, "मे महिन्यात गावाला जाणार"? कुठल्या, ते घरच्यांना सांगावं लागत नाही. वडील वारले आणि विचारायला माणूस उरला नाही.

"नाव नाही? मग काढू की," असं उत्तराताई जानेवारीतल्या एका बर्फाळ सकाळी म्हणाल्या आणि कामाला लागल्या. स्टॅनचे वडील जन्मले तेव्हा नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता, हे त्यांना नव्यानं कळलं. तीन शेजाऱ्यांनी तो वाटून घेतला होता आणि नरेव नदीकाठचा तो मुलूख रशियाच्या झारकडे होता. त्यामुळे पोलिश बाळाच्या बाप्तिस्म्याची नोंद रशियन भाषेत. पुढे दोन महायुद्धं झाली, कचेऱ्या जळाल्या, सीमा सरकल्या. तिकडे वीस-पंचवीस गावांची मिळून एक ग्मीना असते, आपल्या ग्रामपंचायतीची थोरली बहीण म्हणा. त्या ग्मीनाही कितीदा मोडून पुन्हा मांडल्या गेल्या. एवढ्या गोंधळातून उत्तराताईंनी मार्चमध्ये ती नोंद इंटरनेटवर शोधून काढली. रशियन अक्षरांचा तक्ता शेजारी ठेवून पहिली ओळ लावली: 'झालेसिए गावी घडले.' नकाशावर झालेसिए होतं, त्यात जुनं चर्च होतं. खेळ खलास! त्यांनी छातीठोकपणे स्टॅनला जाऊन सांगितलं.

त्या दिवसापासून म्हातारा दहा वर्षांनी तरुण झाला. डॉक्टर म्हणाले होते, जायचं तर या वर्षी जा, पुढच्या वर्षीचं मी बोलत नाही. त्यानं ग्मीनाच्या कचेरीला पत्र लिहिलं. तिकडून प्रेमानं उत्तर आलं की अवश्य या, वेशीवर ब्रेड आणि मीठ देऊन स्वागत करू. पाहुण्याला असंच घरात घेतात म्हणे तिकडे. जूनमधल्या एका शनिवारचं विमान ठरलं. बरोबर पुतण्या जाणार होता.

त्याच आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी स्टॅन उत्तराताईंचा इडल्यांचा डबा परत द्यायला आला आणि चहाला थांबला. बोलता बोलता म्हणाला, "माहीत आहे का, माझ्या बापाचा बाप्तिस्मा पाच आठवडे उशिरा झाला. नदीचा बर्फ फुटला होता. वरून चालता येईना, आणि होडी घालता येईना. आजी घाबरली होती, की पोर तसंच गेलं तर?"

उत्तराताईंचा कप ओठांशीच थांबला. गावातल्या गावात चर्चला जायला नदी कशाला ओलांडायची?

स्टॅन गेल्यावर त्यांनी फाइल काढली. मार्चमध्ये वाचायच्या सोडलेल्या खालच्या आठ ओळी एकेक अक्षर लावत वाचायला दीड तास लागला. पाचव्या ओळीत सापडलं: 'बाळाचा बाप यान झारेंबा, शेतकरी, राहणार लिपोवो.' पहिल्या ओळीत होतं ते चर्चचं गाव. त्या एका चर्चला अकरा गावं जोडलेली होती आणि लिपोवो नदीच्या दुसऱ्या तीरावर होतं. भोरजवळच्या खेड्यात वाढलेल्या उत्तराताईंच्या मनात गाव तिथे मारुती हे इतकं पक्कं बसलं होतं, की देव एका गावचा आणि भक्त अकरा गावांचे असं असू शकतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी फाइल तशीच नवऱ्यापुढे सरकवली.

"अतिशहाणा त्याचा बैल रिकामा," विवेकराव म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात असा मोका त्यांना तिसऱ्यांदाच मिळाला होता. पण बायकोचा चेहरा बघून ते गंभीर झाले. "हे बघ, त्याला सांगूच नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. सहा किलोमीटरचा तर डिफरन्स आहे. तिकडे सगळा प्रोग्रॅम सेट झालाय. तो जाईल, चर्च बघेल, हॅपी होऊन येईल. आता कन्फ्यूज केलंस आणि ट्रिपच कॅन्सल केली म्हणजे? नेक्स्ट इयर त्याच्याकडे नाहीये, उत्तरा."

"आणि दुसऱ्याच्याच उंबऱ्यावर उभा राहून रडला म्हणजे?"

"त्याला कुठे कळणारे?"

"मला कळणारे ना!"

त्या रात्री त्यांनी झोपेची गोळी घेतली आणि सकाळी नऊला फाइल बगलेत मारून स्टॅनचं दार वाजवलं. आयुष्यभर ज्या सुरात त्या "मी बरोबर आहे" म्हणत आल्या, त्याच सुरात म्हणाल्या, "स्टॅन, माझी चूक झाली. झालेसिए तुमचं गाव नाही."

स्टॅन ऐकत राहिला. टेबलावर त्याचा पासपोर्ट होता, शेजारी झालेसिएच्या शाळेला द्यायची खडूंची खोकी. त्यानं एका खोक्याचं झाकण लावलं, परत उघडलं. मग तो चिडला, आणि चिडायलाच हवं होतं. "सगळ्यांना सांगून बसलोय मी! चर्चमध्ये, बॉलिंगच्या ग्रुपमध्ये, सगळीकडे. तू शुअर आहेस म्हणाली होतीस."

"होते. चुकीची शुअर होते. आज बरोबर शुअर आहे."

"काय आहे त्या लिपोवोत?"

"चव्वेचाळीस घरं. चर्च नाही, दुकान नाही. दोन रस्ते फुटतात तिथे एक क्रॉस आहे."

"आणि माझी माणसं?"

"ते मला माहीत नाही," उत्तराताई म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडी फारसं बसलेलं नव्हतं. "फोन करू या. तिकडे आता दुपारचे तीन वाजलेत."

ग्मीनाच्या कचेरीतली आग्न्येश्का नावाची सेक्रेटरी चांगलं इंग्रजी बोलायची. उत्तराताईंनी स्पीकर लावून सगळं सांगितलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "मिस्टर झारेंबा, मलाही एक कबूल करायचंय. तीन आठवडे आम्ही झालेसिएत तुमचं घर शोधतोय. रजिस्टरं पाहिली, दफनभूमीतले दगड वाचले. एकही झारेंबा नाही. साहेब म्हणाले, एवढ्या लांबून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? चर्चजवळचं एखादं जुनं घर दाखवू. मी ते घर निवडूनही ठेवलं होतं."

दोन्हीकडची भली माणसं मिळून एका म्हाताऱ्याची दुधाची तहान ताकावर भागवणार होती, आणि त्याला ते ताक आहे हे कधी कळलंही नसतं.

"पण लिपोवो?" आग्न्येश्काचा आवाज एकदम चढला. "लिपोवोत झारेंबांची तीन घरं आहेत! थांबा, हालिनाबाईंचा नंबर आहे माझ्याकडे. लाइन जोडून देते."

रिंग वाजायला लागली. स्टॅन कुजबुजला, "मला स्वयंपाकघरापुरतंच पोलिश येतं. जेव, झोप, दार लाव. मी काय बोलू?"

"उचलतील त्या, मग बघू."

फोन उचलला गेला. पलीकडून एक म्हातारा, खणखणीत आवाज आला. कोंबड्यांचाही आवाज येत होता. स्टॅननं आपलं नाव सांगितलं, अमेरिका म्हणाला, अडखळला. बाईंनी त्याला मध्येच तोडून काहीतरी विचारलं.

"काय म्हणाल्या?" उत्तराताईंनी विचारलं.

"विचारतेय," स्टॅनचा आवाज चिरकला, "विचारतेय, तू कुणाचा?"

इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. अमेरिकेत विचारतात काय करतोस, कुठे राहतोस. तो खुर्चीत सावरून बसला, शर्टाची कॉलर सारखी केली आणि शाळेत हजेरीला उभ्या राहिलेल्या पोरासारखा मोठ्यानं म्हणाला, "व्वादेकचा. यानच्या व्वादेकचा."

पलीकडे काहीतरी आपटल्याचा आवाज आला. हालिनाबाई फोन हातात धरूनच घरातल्या कुणाला तरी ओरडून सांगायला लागल्या, आणि त्या ओरडण्यात 'व्वादेक' हे नाव तीनदा आलं. उत्तराताईंनी फाइल खाली ठेवली आणि स्टॅनचा हात घट्ट धरला. दोघंही रडत होती.

"त्या म्हणतायत," स्टॅन म्हणाला, "त्या म्हणतायत, व्वादेकचा मुलगा घरी येतोय."