खारट दगड

डॉक्टरांनी वहिनींचं मनगट दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं आणि हातोड्याला कायमची सुट्टी दिली. ते ऐकून धाकटे दीर इतके हळहळले, की संध्याकाळच्या आत त्यांनी टेलिफोनजवळ गादीची खुर्ची आणून ठेवली.

"आता फोन घ्यायचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं," ते म्हणाले. "दगडांचं मी बघतो."

"मला गोड बोलता येतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं भावजी?"

दगड फोडण्याचा हा कारखाना सासऱ्यांचा. त्यांनी दोन्ही मुलांच्या हाती छिन्नी देऊन पाहिली होती. थोरला ती टाकून पळाला तो थेट शाळेच्या खानावळीत आचारी झाला. धाकट्याला दगड विकायला आवडे, फोडायला नाही. राहता राहिली सून. तिने तेवीस वर्षं दगड फोडले, आणि सगळं आवार तिला वहिनी म्हणू लागलं. त्या वहिनींना आता गादीवर बसवायला निघाले होते.

आवाराच्या मधोमध हत्तीच्या पिल्लाएवढा काळा दगड पडून होता. त्याचे सरळ दोन भाग करून हवे होते. दीर त्यासाठी यंत्रवाल्याला बोलावणार होते.

"रविवारपर्यंत थांबा," वहिनी म्हणाल्या. "हातोडा न लावता दुभंगून दाखवते. जमलं, तर मी दगडांतच राहणार."

"आणि नाही जमलं तर?"

"तर खुर्चीत बसेन. गोडसुद्धा बोलेन."

युक्ती सासऱ्यांची होती. दगडात एका रेषेत भोकं पाडायची, काठोकाठ पाणी भरायचं, वर लाकडाच्या खुंट्या घट्ट बसवायच्या. गोठताना पाणी फुगतं. फुगायला जागा मिळाली नाही, की ते दगडालाच रेटायला लागतं. रेडिओवर चार दिवस कडाक्याच्या थंडीचे सांगितले होते. वहिनींनी खडूने रेघ मारली, नवऱ्याने ड्रिल धरलं, अकरा भोकं पडली. वहिनींनी पाणी भरलं, नवऱ्याने खुंट्या बसवल्या.

पहिल्या सकाळी थंडीने झडझडून काम केलेलं दिसलं. अंगणातला नळ फुटला होता. बाहेर राहिलेल्या बाटलीतलं दूध टोपण डोक्यावर घेऊन वर आलं होतं. खुराड्यातली तीन अंडी तडकली होती, मागच्या भिंतीच्या गिलाव्याचे पापुद्रे सुटले होते. गुलाबाची पानं उकडल्यासारखी काळी पडली होती. गाजरं मात्र थंडी खाऊन अशी गोड झाली होती, की नवऱ्याने एक तर मातीसकट खाल्लं. दगडाला काही म्हणजे काही झालं नव्हतं.

"वहिनी, घर दुभंगलं तर ते पैजेत धरायचं का?" दिरांनी विचारलं.

दुसऱ्या सकाळी बादली फुटली. तिसऱ्या सकाळी दिरांच्या गाडीत सरबताची बाटली फुटली आणि त्यांचं हसणं थोडं कमी झालं. दगड तसाच. फोनवर हॅलो हॅलो करत आपण म्हाताऱ्या होणार, हे वहिनींना स्वच्छ दिसायला लागलं. शेवटी त्यांनी पक्कडीने एक खुंटी उपटली, भोकात बोट घातलं, तर आत पाणी डुचमळत होतं. त्यांनी बोट चाटून पाहिलं.

"अहो, जरा इकडे या."

नवरा आला. थंडीने त्याचं नाक टोमॅटो झालं होतं.

"दगडावर काय टाकलंत?"

"मीठ."

"कशाला?"

"तू सारखी वर चढतेस. बर्फ धरला आणि पाय घसरला म्हणजे? भोकं पाडून झाली, तू पाणी आणायला गेलीस, तेवढ्यात टाकलं. बेताचंच."

तीनशे मुलांचा स्वयंपाक करणाऱ्या माणसाचं ते बेताचं. निम्मं भोकांत गेलं होतं, आणि खारं पाणी काही सहजासहजी गोठत नाही.

वहिनींनी रागवायला तोंड उघडलं आणि त्या हसायलाच लागल्या. इतक्या, की त्यांना दगडावर बसावं लागलं.

"जास्त झालं का?" नवऱ्याने काळजीने विचारलं.

मग दोघं दिवसभर खपली. वहिनी पिचकारीने एकेका भोकातलं पाणी ओढत, साधं पाणी घालून ते धूत, आणि नवरा प्रत्येक धुवण चाखून निकाल देई. "अजून खारट." "किंचित आहे." "हे अळणी, पुढे चला." तेवीस वर्षांत त्याची जीभ पहिल्यांदाच बायकोच्या धंद्याला उपयोगी पडत होती आणि तो ताठ मानेने चाखत होता. उन्हं उतरायच्या आत भोकं साध्या पाण्याने भरून अकरा खुंट्या पुन्हा घट्ट बसल्या.

रविवारी सकाळी दगड अखंड दिसत होता. वहिनींनी त्याच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. दीर चहाचा कप घेऊन आले, दगडावर चढले, पाय फाकून उभे राहिले.

"काय मजबूत माल आहे वहिनी. यावर पुतळा उभारावा." आणि एक हात कमरेवर ठेवून ते पुतळ्यासारखे उभे राहिले.

टक्.

अक्रोड फुटावा एवढाच आवाज. पहिल्या भोकापासून अकराव्यापर्यंत केसाएवढी रेघ पळत गेली. मग उताराकडचा अर्धा दगड वीतभर सरकला, दिरांचा डावा पाय बरोबर घेऊन.

"वहिनी," दीर अगदी जपून, ओठ न हलवता म्हणाले, "उतरू का?"

"थांबा जरा."

वहिनींनी चष्मा लावला, सावकाश वाकल्या, फटीला डोळा लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर खडूच्या रेघेवरून बोटभरही ढळली नव्हती. त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. घाई कसली होती?

"उतरा आता. उजव्या बाजूने. आणि कप सांभाळा, दगडावर चहाचे डाग नकोत. अजून घडवायचाय मला."